वृद्ध वडील आणि लहान मुलीसह एप्रिलमधील बँकॉक: दिवस कसा आखावा?

आपला प्रश्न मला समजला तो असा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आपण नाशिकहून बँकॉकला पाच रात्रींसाठी येत आहात. बरोबर पत्नी, ९ वर्षांची मुलगी आणि ७२ वर्षांचे वडील आहेत. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे; ते चालतात, पण अर्ध्या तासानंतर त्यांना बसावे लागते. पर्यटन कंपनीच्या कार्यक्रमात पहिल्याच दिवशी राजवाडा, वाट फो, वाट अरुण, वाट साकेतची टेकडी ('वाट' म्हणजे मंदिर) आणि चायनाटाउन अशी पाच ठिकाणे आहेत, तिसऱ्या दिवशी आयुथ्थया ही जुनी राजधानी आहे, आणि उरलेल्या दिवसांतही सकाळी नऊ ते रात्री आठ अशीच आखणी आहे. हे सारे निवांतपणे कसे करता येईल, असे आपण विचारले आहे, आणि जाता जाता असेही लिहिले आहे की एवढा खर्च करून दुपारी हॉटेलात पडून राहिलो तर पैसे वाया गेल्यासारखे वाटेल.

मला वाटते, खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. हा कार्यक्रम निवांतपणे पार पाडण्याचा मार्ग नाही. तो कमीच करावा लागेल. तेव्हा प्रश्न उरतो तो असा की काय ठेवायचे, काय सोडायचे आणि दिवस कसा मांडायचा, म्हणजे सोडलेल्या ठिकाणांची रुखरुख लागणार नाही. मी बरीच वर्षे बँकॉकमध्ये राहते आणि भारतातून, त्यातही अधिक करून महाराष्ट्रातून, येणाऱ्या कुटुंबांना हे शहर पायी आणि होडीने दाखवणे हे माझे काम आहे. घरातली ज्येष्ठ मंडळी बरोबर असली की मी स्थळांची यादी बाजूला ठेवते आणि आधी दिवसातले सुसह्य तास मोजते. एप्रिलमध्ये ते सकाळी साधारण तीन आणि संध्याकाळी तीन-चार भरतात. उरलेला वेळ शहर पाहण्यासाठी नाहीच, असे धरून चालले की पुढची आखणी सोपी होते.

यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधी सांगायला हवे. आपण डिसेंबर-जानेवारीत येत असता, तर मी याहून बरीच सैल आखणी सुचवली असती, कारण तेव्हा सकाळ-संध्याकाळ हवा खरोखर सुखद असते. बरोबर फक्त तरुण मंडळी असती तरी उत्तर बदलले असते. वडिलांची गोळी कोणती आहे यावरही काही गोष्टी ठरतात. त्याबद्दल पुढे लिहिते. मात्र एप्रिलचा शेवट, एक ज्येष्ठ आणि एक लहान मूल, एवढे धरले तर खालचे बहुतेक सारे आपल्याला लागू पडेल.

नाशिकचा उन्हाळा काढलेल्या माणसाला बँकॉकचे ३५-३६ अंश किरकोळ वाटतात आणि फसगत तिथेच होते. नाशिकची एप्रिलमधली हवा कोरडी असते, त्यामुळे घाम येतो तसा उडूनही जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. बँकॉकची हवा समुद्राजवळची, बाष्पाने भरलेली. तिथे घाम उडत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळणारा घाम शरीराला जवळजवळ काहीच गारवा देत नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते आणि तोच माठ कोकणात नेला की पाणी कोमट राहते, त्यातलाच हा प्रकार आहे. शिवाय नाशिकला रात्री उकाडा उतरतो आणि शरीराला सावरायला वेळ मिळतो. बँकॉकमध्ये एप्रिलच्या रात्रीही पारा २६-२७ अंशांपर्यंतच खाली येतो. दमट उकाड्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. आपण पाच रात्रींसाठी येत आहात, म्हणजे सवय होईल या भरवशावर काहीच ठरवता येणार नाही. हवेतले बाष्प कमी करणे आपल्या हातात नाही, ऊनही नाही. चालण्याने स्नायूंत निर्माण होणारी उष्णता तेवढी आपल्या हातात आहे, आणि म्हणून सावकाश चालणे हा या शहरात आवडीनिवडीचा भाग राहत नाही. बाहेर टिकून राहण्याचा तोच एक उपाय उरतो.

आता ऊन. बँकॉक सुमारे पावणेचौदा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे नेमक्या एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत तिथे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. सव्वाबाराच्या सुमारास माणसाची सावली त्याच्या पायाखाली असते, आणि कितीही उंच इमारतीच्या कडेने चालले तरी आडोसा मिळत नाही. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. या दिवसांत सूर्य जवळजवळ सरळ पूर्वेकडून वर चढतो आणि सरळ पश्चिमेकडे उतरतो, म्हणून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यावर सकाळीही दोन्ही बाजूंना ऊन असते. उत्तर-दक्षिण रस्त्यावर मात्र सकाळी पूर्वेकडच्या आणि संध्याकाळी पश्चिमेकडच्या पदपथावर चांगली सावली मिळते. मी लोकांना चालवते ते रस्ते याच हिशेबाने निवडते. बांगराक भागातला चारोएन क्रुंग हा जुना रस्ता साधारण उत्तर-दक्षिण जातो. सकाळी आठला त्याच्या पूर्वेकडच्या कडेने चालताना जो दिलासा मिळतो, तो समोरच्या कडेला मिळत नाही. नकाशावर रस्त्याची दिशा पाहून घ्यायला एक मिनिट लागते आणि वडिलांचा अर्धा थकवा त्यातच वाचतो.

सकाळी लवकर निघा, असा सल्ला आपल्याला सगळेच देतील. तो बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. बँकॉकमध्ये साडेसहाला उठायचे म्हणजे आपल्या मुलीच्या शरीराच्या दृष्टीने पहाटे पाचला उठायचे. त्यातच मुंबईहून सुटणारी बरीच विमाने रात्री उशिरा निघून पहाटे पोहोचतात, आणि हॉटेलची खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही. पहिला दिवस बिघडतो तो बहुतेक इथे: झोप झालेली नाही, अंघोळ नाही, आणि सामान ठेवून थेट राजवाड्याच्या उन्हात उभे. माझा आग्रह असा आहे की पहाटेचे विमान असेल तर आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी, किंवा लवकर प्रवेशाचे पैसे भरावेत. सोडलेल्या स्थळांचा खर्च वाचतो, त्यातून याचा काही भाग निघतो. पहिल्या दिवशी अंघोळ, झोप, दुपारनंतर थोडे खाणे आणि संध्याकाळी नदीकाठी एक तास, यापलीकडे काही ठेवू नये. हाच दीड तास रात्री मात्र आपल्या बाजूने काम करतो: तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपल्या शरीराचे साडेआठ, त्यामुळे मुलगी आणि वडील दोघेही रात्री ताजेतवाने असतात. रात्रीच्या गोष्टी निर्धास्तपणे ठेवाव्यात. पहाटेच्या गोष्टी तिसऱ्या दिवसापासून.

हॉटेलची जागा हा माझ्या दृष्टीने संपूर्ण सहलीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, कारण रोज दुपारी तिथे परत यायचे आहे. सुखुम्वितसारख्या भागात हॉटेल घेतले आणि जुने शहर पाहायचे ठरवले, तर भर दुपारी वाहतुकीत अडकून परतणे जिवावर येते. मग माणसे परततच नाहीत आणि पूर्ण दिवस बाहेर काढतात. आपल्यासारख्यांनी एकतर नदीजवळ, सफान ताक्सिन या उन्नत रेल्वेस्थानकाच्या आसपास राहावे, कारण स्थानकाच्या खालीच साथोर्नचा मुख्य धक्का आहे. किंवा भुयारी मेट्रोच्या निळ्या मार्गावर, वाट मंगकोन, साम योट, सनाम चाय या स्थानकांच्या जवळ राहावे. ही तिन्ही स्थानके २०१९ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून जुन्या शहरात शिरणे फार सोपे झाले. सनाम चायमधून बाहेर पडले की वाट फो काही मिनिटांवर आहे. स्थानक किंवा धक्का हॉटेलपासून पाच मिनिटांच्या चालीवर असावा. दहा मिनिटे ऐकायला थोडी वाटतात, पण भर दुपारी वडिलांसाठी ती फार आहेत.

आता एक दिवस प्रत्यक्ष मांडून दाखवते, म्हणजे बाकीचे आपले आपण ठरवता येतील. राजवाडा ठेवावाच. तो सकाळी साडेआठला उघडतो, परदेशी प्रवाशांना ५०० बाटचे (बाट म्हणजे थाई चलन) तिकीट आहे, आणि खांदे व गुडघे झाकलेले लागतात. म्हणून सैल सुती पूर्ण विजार आणि अर्ध्या बाहीचा सदरा, हाच उन्हाच्या दृष्टीनेही सर्वांत चांगला वेष. साडेआठच्या आधी पंधरा मिनिटे दारात असावे. वाटेत कोणी अदबीने सांगू लागला की आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे नेतो, तर न थांबता पुढे जावे. ही या भागातली जुनी फसवणूक आहे.

आत गेल्यावर बहुतेक गट फरसबंदी अंगणात उभे राहून माहिती ऐकतात. ती फरशी तळपते आणि खालूनही भाजते. मी उलटे करते. आधी राजवाड्याच्या आवारातल्या मंदिरात पाचूच्या बुद्धाचे दर्शन घ्यायचे, कारण तिथे बूट काढावे लागतात आणि उशीर केला तर बाहेरची फरशी अनवाणी पायांना सोसत नाही. पातळ पायमोजे जवळ ठेवावेत. बुद्धाच्या त्या लहानशा मूर्तीला उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन वेष आहेत आणि ऋतू बदलला की राजा स्वतः विधिपूर्वक ते बदलतो. आपण याल तेव्हा उन्हाळी वेष असेल, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे. दर्शन झाले की थेट भोवतालच्या ओवरीत जावे. मंदिराच्या चारही बाजूंनी छप्पर असलेली ही ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर थायलंडचे रामायण, म्हणजे रामकियेन, १७८ चित्रांत रंगवलेले आहे. कथा उत्तरेकडून सुरू होते आणि प्रदक्षिणेच्या दिशेने पुढे सरकते.

इथे दीड तास घालवावा, असे मी मनापासून सांगते. सावली आहे, वारा फिरतो, मधूनमधून टेकायला कठडे आहेत, आणि वडिलांना एकाही मार्गदर्शकाची गरज लागणार नाही. पांढराशुभ्र हनुमान आणि हिरव्या वर्णाचा दशमुखी रावण मुलगीही ओळखेल. पुढे मात्र कथा आपल्या ओळखीची राहत नाही. एका ठिकाणी हनुमान प्रचंड रूप घेऊन रामाचा तळ आपल्या मुखात सुरक्षित ठेवतो. दुसऱ्या ठिकाणी रावणाची मत्स्यरूपी कन्या सेतू मोडायला येते आणि हनुमानाच्याच प्रेमात पडते. ब्रह्मचारी मारुतीची कथा ऐकत वाढलेल्या आजोबांना नातीसमोर यावर बरेच काही बोलता येते. मी ज्यांना इथे शांतपणे बसवले आहे, त्यांच्या आठवणीत सोन्याचे कळस कमी आणि ही भिंत जास्त राहिलेली आहे. घाईच्या कार्यक्रमात या ओवरीला पाच मिनिटेही मिळत नाहीत.

साडेदहा वाजले की बाहेर पडावे, मग काही राहिले असले तरी. त्याच दिवशी वाट फो करायचा मोह होईल, कारण ते शेजारीच आहे. वडिलांचा उत्साह टिकून असेल तर फक्त ४६ मीटर लांबीच्या शयनस्थ बुद्धाचे दालन पाहावे, त्याच्या तळपायांवरचे शिंपल्यांचे जडावकाम मुलीला दाखवावे आणि निघावे. एरवी दुसऱ्या सकाळी आठला परत यावे. वाट अरुणच्या उंच, अरुंद पायऱ्या वडिलांसाठी नाहीत. ते मंदिर नदीच्या अलीकडच्या काठावरून, मावळतीच्या वेळी, बसून पाहिले तर उत्तम दिसते. वाट साकेतची टेकडी मी आपल्या यादीतून काढून टाकेन.

साडेअकरापासून साडेतीन-चारपर्यंत खोलीत. जेवण, अंघोळ, कपडे बदलणे, आडवे होणे. एखाद्या दिवशी परतणे शक्य नसेल तर छताखालचे पर्याय आहेत: सयाम भागातले कला आणि संस्कृती केंद्र, जे विनामूल्य आहे आणि सोमवारी बंद असते, किंवा राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानालगतचे राष्ट्रीय संग्रहालय, जे सोमवार-मंगळवार बंद असते. संग्रहालयात जावा बेटावरच्या शिल्पांत तिथल्या जुन्या सिंगोसारी राज्यातला एक भव्य पाषाणगणपती आहे, कवट्यांच्या आसनावर बसलेला. थायलंडचा राजा चुलालोंगकोर्न १८९६ मध्ये जावाला गेला होता, तेव्हा हा गणपती इथे आला. गणपतीचे हे उग्र रूप आपल्याकडच्या कोणाला सहसा पाहायला मिळत नाही, त्यामुळे वडिलांना तेवढ्यासाठी नेले तरी चालेल. पण हे पर्याय खोलीची बरोबरी करत नाहीत, कारण तिथे आडवे होता येत नाही. पायांचे मालीशही दुपारी चांगले. मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर जोराचे थाई मालीश वडिलांनी टाळावे. मॉलमध्ये आणि गाड्यांमध्ये वातानुकूलन फार कडक असते. घामेजलेल्या अंगाने आत शिरल्यावर अंगावर घ्यायला एक उपरणे किंवा शाल प्रत्येकाकडे हवी.

दुपारच्या झोपेला आपण वाया गेलेला खर्च म्हणता, त्याबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. जी कुटुंबे दुपारी परततात, ती संध्याकाळी साडेचारला पुन्हा बाहेर पडतात आणि रात्री दहापर्यंत आनंदात असतात. जी परतत नाहीत, ती तीन वाजता कुठल्या तरी मॉलच्या खाद्यदालनात गळून बसलेली असतात, मुले रडवेली झालेली असतात, आणि सहानंतरचे शहर, जे या ऋतूत खरे पाहण्यासारखे असते, ती पाहतच नाहीत. उन्हाच्या चार तासांच्या बदल्यात संध्याकाळचे चार तास मिळतात. शिवाय त्या दुपारी बाहेर बँकॉककरही दिसत नाहीत. फेरीवालीसुद्धा छत्रीच्या सावलीचा कोपरा पाहून खुर्ची सरकवत असते.

संध्याकाळी पहिली गोष्ट म्हणजे नदी. चाओ फ्रायावर नारिंगी झेंड्याची प्रवासी बोट चालते, तिच्यात शहरातलीच माणसे असतात आणि तिकीट अगदी स्वस्त असते. वाहकाच्या हातात धातूची लांब नळी असते, तिच्यात नाणी आणि तिकिटे; ती खुळखुळवत तो गर्दीतून येतो, एका बोटाने झाकण उघडतो आणि तिकीट फाडून देतो. मागच्या टोकाला उभा असलेला खलाशी शिट्ट्यांच्या वेगवेगळ्या सुरांवर चालकाला धक्क्याला बोट कशी लावायची ते सांगतो. मुलगी यातच रमेल. कामावरून सुटणाऱ्यांची गर्दी टाळण्यासाठी साडेचारच्या आसपास साथोर्नहून चढावे, डाव्या-उजव्या बाजूचा विचार न करता जिथे वारा लागेल तिथे वडिलांना बसवावे, आणि बोटीच्या फेऱ्या अंधार पडल्यावर लवकरच थांबतात हे ध्यानात ठेवून परतीला मेट्रो धरावी.

दुसरी गोष्ट म्हणजे पाक ख्लोंग तलाट, फुलांचा घाऊक बाजार. तो चोवीस तास उघडा असतो, पण त्याला खरी जाग रात्री येते. सनाम चाय स्थानकापासून तो जवळ आहे. रात्री नऊला जावे. तिथे हार ओवणाऱ्या बायकांपाशी दहा मिनिटे थांबावे. हातभर लांब सुईला थोडे व्हॅसलीन लावलेले असते, म्हणजे कळ्या न फाटता सरकतात. मोगऱ्याच्या कळ्या देठाच्या दिशेने गोल रचत सुई भरायची आणि मग सगळ्या एकदम दोऱ्यावर उतरवायच्या. त्यांत पांढरी, टोकदार, मेणासारखी फुले दिसतील, ती रुईची. आपल्याकडे शनिवारी मारुतीला वाहतात तीच. कमळाच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडून ठेवलेल्या असतात. वडील इथे बराच वेळ उभे राहतील, म्हणून घडीचे हलके स्टूल बरोबर असले तर बरे. मी ते कायम जवळ ठेवते.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: सकाळी एकच ठिकाण, शक्यतो छप्पर असलेले, दुपारी खोली, संध्याकाळी नदी, बाजार किंवा जेवण यांपैकी एक, आणि यासाठी हॉटेल स्थानकाच्या किंवा धक्क्याच्या जवळ. पाच रात्रींत आपल्याला चार सकाळी मिळतील. एक राजवाड्याला, एक वाट फोला, एक लुम्फिनी उद्यानाला आणि एक मोकळी, कारण कोणीतरी एक दिवस थकणारच आहे.

लुम्फिनीबद्दल दोन वाक्ये. तिथे सकाळी साडेसहाला झाडांखाली व्यायाम करणारी ज्येष्ठ माणसे असतात, बाके भरपूर आहेत, आणि तळ्याकाठी घोरपडीच्या कुळातले मोठमोठे सरडे निवांत फिरतात. मुलीने त्यांच्यापासून अंतर राखावे एवढेच. आठ वाजता राष्ट्रगीत लागते तेव्हा सगळे जागच्या जागी थांबतात, आपणही थांबावे.

खाण्यापिण्यात वडील शाकाहारी असतील असे धरते. माशाचे सॉस इथे जवळजवळ सगळीकडे असते, म्हणून पिवळ्या पताकेवर लाल अक्षरे असलेली दुकाने शोधावीत. तिथे मांस, मासे, अंडी यांबरोबर कांदा-लसूणही नसतो. घरच्या चवीची आठवण झाली तर साम योट स्थानकाजवळ फाहुरात हा भारतीय वस्तीचा भाग आहे. पिण्यात शहाळे, लिंबूसोडा (वडिलांसाठी बिनमिठाचा) आणि बेलफळाच्या सुकवलेल्या चकत्या उकळून केलेला गार पेय-चहा, हे तिन्ही चांगले. बेलाचा चहा घेताना साखर कमी सांगावी. एप्रिल हा आंब्याचा आणि चिकट भाताबरोबर आंबा खाण्याचा महिना आहे. याच महिन्यात खाओ चे नावाचा पदार्थ मिळतो: मोगऱ्याच्या वासाच्या बर्फगार पाण्यातला भात. त्याबरोबरची तोंडी लावणी मांसाहारी असतात, पण आपण दोघे खात असाल तर एका दुपारी नक्की खावा. या हवेत तो किती योग्य आहे ते खाल्ल्यावर कळते.

वडिलांच्या गोळीबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचे प्रमाण वाढवतात, काही हृदयाचे ठोके मंद ठेवतात. दोन्ही प्रकारांत उकाड्याशी जुळवून घेणे शरीराला जड जाते. क्षारयुक्त पाणी किती घ्यावे हेही डॉक्टरांनाच विचारावे, कारण रक्तदाब असताना मीठ आपल्या मनाने वाढवू नये. गोळी स्वतःहून बंद करू नये. ज्येष्ठांना तहान उशिरा लागते, म्हणून ते मागतील तेव्हा पाणी देण्यापेक्षा दर थांब्यावर चार घोट हा नियम ठेवावा. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायात गोळे यांपैकी काही दिसले की दिवस तिथेच संपवावा, गार जागी बसवून ओल्या फडक्याने अंग पुसावे. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि लगेच १६६९ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर फोन करावा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे.

आता आयुथ्थया. १३५० मध्ये वसलेली आणि १७६७ मध्ये उद्ध्वस्त झालेली ही राजधानी मला अतिशय प्रिय आहे, म्हणूनच सांगते, या खेपेस ती सोडावी. बँकॉकपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, जाण्यायेण्यात गार तास संपतात, आणि अवशेष उघड्या मैदानात विटांचे आहेत. कार्यक्रमाप्रमाणे आपण तिथे साडेदहा ते दोन असाल, म्हणजे सूर्य डोक्यावर असताना. वडील गाडीतच बसून राहतील आणि मुलगी गाडीत परत जायचा हट्ट धरेल. थंडीत पुन्हा येणे झाले तर एक रात्र तिथे राहूनच ती पाहावी.

कंपनीला पत्र लिहाल तेव्हा चार गोष्टी मागाव्यात: आयुथ्थया आणि वाट साकेत रद्द, पहिल्या दिवशी कोणताही कार्यक्रम नाही, राजवाड्याला गाडी पावणेआठला हॉटेलातून निघणारी, आणि दुपारी साडेअकराला परत आणून सोडणारी, पुढे संध्याकाळ आपली आपण. दिवसभराच्या गाडीऐवजी अर्ध्या दिवसाची गाडी मागितली तर दरही उतरायला हवा, तसे स्पष्ट लिहावे. सुवर्णभूमी विमानतळावर विमानापासून पारपत्र तपासणीपर्यंतची चाल लांब आहे, म्हणून वडिलांसाठी चाकांच्या खुर्चीची विनंती विमान कंपनीकडे आताच नोंदवावी. तिचे सहसा वेगळे पैसे लागत नाहीत, आणि खुर्चीबरोबर बहुतेक वेळा सोबतच्या कुटुंबालाही पुढे घेतले जाते.